आई म्हणते, माझा हात नको लागायला

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांचा, मूळ गाव शिरोळ तालुक्यात, नोकरी पुण्यात आयटीत. वडील जाऊन दोन वर्षं झाली. माझं लग्न वैशाखात आहे. घरात ठरलंय की देवक, पुण्याहवाचन सगळं थोरले काका आणि काकी करणार, हळदीला पाच सवाष्णी बोलवायच्या, आणि आईनं आतलं बघायचं. आत्याही विधवा आहे, ती पण आईबरोबर आतच असणार. आईला विचारलं तर म्हणते, माझा हात नको लागायला तुझ्या हळदीला, उद्या काय झालं तर मला जगणं नको होईल. होणारी बायको म्हणते आईंनी हळद लावली नाही तर मी पण लावून घेणार नाही. काका म्हणतात शिकलास म्हणून धर्म मोडायचा का. मला हे पटत नाही, पण लग्नात भांडण नको, आणि आईलाच नको असेल तर जबरदस्ती कशी करू? धर्मात खरं काय आहे तेही सांगा. पत्रिकेचं प्रूफ आलंय, त्यात निमंत्रक काका-काकी आहेत आणि आईचं नाव खाली 'ग. भा.' लावून आलंय."

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना आईच दिसत होती सगळीकडे, दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की या पत्रात काकांचं मत आहे, आईचं आहे, होणाऱ्या बायकोचं तर अगदी ठणठणीत आहे, आणि ज्याचं लग्न आहे त्याचं काय तर "पटत नाही, पण". त्या "पण"वर मी नंतर येते. आधी काकांचा धर्म बघू, कारण मला वाटतं काकांना उत्तर नाही म्हणून तू गप्प बसलायस, आणि उत्तर मिळालं की तुझी गप्प बसायची सोय जाईल.

पुण्याहवाचनाला काका-काकी बसणार हे मला तरी खटकत नाही. ते कर्म जोडप्यानं करायचं अशी रीत आहे, वडील नाहीत तर काका-काकी बसतात, त्यात आईचा अपमान नाही. समज उलटं झालं असतं, आई गेली असती आणि वडील असते, तरी पाटावर काका-काकीच बसले असते. पण मग बघ, तेच वडील पाटावर नसले तरी फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे असते की नाही? येईल त्याला हात जोडले असते, अक्षता टाकल्या असत्या, व्याह्यांची गळाभेट घेतली असती, सगळ्या फोटोत मधोमध. विधुर माणूस आत जाऊन भाजी चिरत बसत नाही. जोडीदार जाणं हे जर अशुभ असेल तर ते दोघांनाही अशुभ असायला पाहिजे ना, हा साधा हिशोब काकांना विचार, आवाज न चढवता.

आता विधी म्हणशील तर लग्नातले मुख्य भाग म्हणजे पाणिग्रहण, होम, लाजाहोम, सप्तपदी. यातल्या कशातही पाच सवाष्णी लागत नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पण कलम ७ मध्ये दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी करा म्हटलंय आणि जिथे सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, एवढंच. हळद, घाणा भरणं, तेलफळ, ओटी, ओवाळणं हा सगळा लोकाचार. लोकाचार म्हणजे फालतू असं मी म्हणत नाही हां, लग्नाची मजा त्यातच असते, होमाच्या वेळी निम्मं वऱ्हाड जेवायला बसलेलं असतं हे तुलाही माहितीय. पण लोकाचार ठरवतं कोण? आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या विधींच्या जुन्या ग्रंथात, सरळ म्हटलंय की देशोदेशीचे, गावोगावचे रिवाज वेगवेगळे असतात आणि लग्नात ते पाळावेत. आपस्तंबाच्या गृह्यसूत्रात तर लग्नातले रिवाज बायकांकडून समजून घ्यावेत असं आहे. काकांकडून नव्हे, बायकांकडून! म्हणजे तुमच्या घरात हळद कोण लावणार हे ठरवायचा अधिकार सूत्रकारानं तुझ्या काकीला, आत्याला आणि आईला दिलाय, आणि तुमच्याकडे ती चर्चा बाहेर सोफ्यावर पुरुष माणसं करतायत. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

विधवेविरुद्ध ग्रंथात काहीच लिहिलेलं नाही असं मात्र मी तुला सांगणार नाही. लिहिलेलं आहे, आणि फार वाईट लिहिलेलं आहे. स्कंदपुराणातल्या काशीखंडात म्हटलंय की सगळ्या अमंगल गोष्टींत विधवा जास्त अमंगल, तिच्या दर्शनानं कार्यसिद्धी होत नाही, शहाण्यानं तिचा आशीर्वाद सुद्धा सापाच्या विषासारखा टाळावा. वाचून अंगावर काटा येतो. पण तिथेच, त्याच जागी, एक अपवाद दिलाय, "विहाय मातरं चैकाम्", म्हणजे एक आपली आई सोडून. इतकं विष ओकणाऱ्यालाही स्वतःच्या आईपाशी येऊन थांबावं लागलं बघ. तेव्हा काकांनी ग्रंथ काढला तर काढू दे, जितका कर्मठ ग्रंथ काढतील तितकी तुझी आई त्यातून सुटतेच.

पण थांब, हे वाचून खूश होऊ नकोस. कारण याच ओळीनं तुझी आत्या आतच राहते. ती तुझी आई नाही, तिला अपवाद नाही. तू हा श्लोक काकांच्या तोंडावर मारून आईला बाहेर आणलंस तर तू प्रथा मोडलेली नाहीस, आईपुरती सवलत मिळवलीस, आणि आत कांदे चिरणारी बाई दोनाची एक झाली. म्हणून काकांचं तोंड बंद करायला हवा तर वापर तो, पण त्याच्यावर उभा राहू नकोस. मला स्वतःला विचारशील तर ज्या ओळी एका माणसाचा आशीर्वाद विष म्हणतात त्या कोणत्या पुराणात आहेत याच्याशी मला देणंघेणं नाही, त्या चुकीच्या आहेत. धर्म म्हणून मी जे आईकडून शिकले त्यात मोठ्यांच्या पाया पडताना कपाळ बघायचं नव्हतं.

अजून एक गंमत. लग्नाआधी देवक-पुण्याहवाचनाच्या वेळी नांदीश्राद्ध असतं, त्यात घराण्यातल्या गेलेल्या पितरांना आवर्जून बोलावतात, कार्याला या, आशीर्वाद द्या म्हणून. म्हणजे तुझ्या लग्नाला गेलेल्यांना आमंत्रण आहे आणि जिवंत आईनं आत बसायचंय. हे मी भटजीकाकांना एकदा बोलून दाखवलं होतं (आमच्या भाचीच्या लग्नात), ते हसले आणि म्हणाले, अहो आमची काही हरकत नसते, तुमची माणसंच येऊन सांगतात की त्यांना जरा मागे बसवा. तुझ्या भटजींना तू स्वतः विचार, काकांमार्फत नको.

काकांच्या हॉलमध्ये शिवाजी महाराजांचा फोटो असणार, तुमच्याकडे नसेल असं घर सापडणं मुश्कील. शहाजीराजे गेले जानेवारी १६६४ मध्ये, राज्याभिषेक झाला जून १६७४ मध्ये. म्हणजे रायगडावर ज्या आऊसाहेबांच्या पाया पडून महाराज सिंहासनावर बसले त्या दहा वर्षांपासून विधवा होत्या. त्यांना कुणी मुदपाकखान्यात बसवलं नव्हतं. काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा बांधून घेतलं ते अहिल्याबाईंनी, नवरा १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारला गेला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. काकी काशीला गेली तर त्या देवळात हात जोडणार, आणि घरी येऊन विधवेचा हात शुभकार्याला चालत नाही म्हणणार? हे विचारायला कुठल्या पुरोगामी मंडळाचं सभासद व्हावं लागत नाही.

आणि तुझ्या तर तालुक्यातली गोष्ट आहे रे. हेरवाड शिरोळ तालुक्यातच ना? मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवा म्हणून सांगितलं. त्या सगळ्यामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची धडपड होती, त्यांनी आधी स्वतःच स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं की माझ्यानंतर माझ्या बायकोला यातलं काही करायला लावू नका. मला यातला ठरावापेक्षा स्टॅम्प पेपर जास्त आवडला. ठराव गावासाठी असतो, स्टॅम्प पेपरवर स्वतःची सही लागते.

आता तुझ्या "पण"वर येते. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाच्या बाजूनं किती होते सगळ्यांना माहितीय. १८७३ मध्ये त्यांची पहिली बायको वारली, तेव्हा रानड्यांचं वय ३१, बरोबर तुझंच वय. मित्रांना वाटत होतं आता हे विधवेशी लग्न करणार. वडिलांनी ११ वर्षांची मुलगी ठरवली आणि रानड्यांनी वडिलांचं ऐकलं. त्या मुलीचं, रमाबाईंचं, त्यांनी सोनं केलं ही गोष्ट वेगळी, पण त्या दिवशी मत एकीकडे राहिलं आणि माणूस दुसरीकडे गेला. पुढे वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे विधुर झाल्यावर विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न करून मोकळे झाले, आपल्या गावी मुरुडला गेले तर गावानं वाळीत टाकलं. रानडे कर्व्यांपेक्षा कमी विद्वान होते का? नाही. मत दोघांचं एकच होतं. तुझ्याकडे पण मत आहे, ते मला पत्रात लिहून कळवलंस, काकांना अजून कळलेलं नाही.

"आईलाच नको आहे" हे वाक्य मी खूप मुलांकडून ऐकलंय, आणि ते खोटं नसतं हेच अवघड आहे. माझं सांगते. माझ्या धाकट्या भावाचं लग्न, वडील आदल्या वर्षी गेलेले. आई पूर्ण लग्नभर कार्यालयाच्या कोठीच्या खोलीत होती, लाडू मोजत. तिला आत जा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि बाहेर ये असंही कुणी म्हटलं नाही. मी पण नाही, मी करवली म्हणून मिरवत होते नथ घालून. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिला तिथंच बरं वाटतंय. अल्बममध्ये ती एकाच फोटोत आहे, मागे, हातात पाण्याचा तांब्या, आणि तोही फोटो नवरा-नवरीचा आहे, ती चुकून आलीय. ती गेल्यावर अल्बम उघडला तेव्हा मला ते दिसलं, तोपर्यंत पंधरा वर्षं दिसलं नव्हतं.

तेव्हा आईनं नको म्हटलं हे खरं, पण तू विचारलंस कसं ते मला सांग. फोनवर विचारलं असशील, किंवा सगळे बसलेले असताना. तिथे ती दुसरं काय म्हणणार? तिच्यासाठी "नको" हेच सगळ्यात सुरक्षित उत्तर आहे. हो म्हटलं तर जाऊबाई काय म्हणतील, गाव काय म्हणेल, म्हातारीला मुलाच्या लग्नात मिरवायचं सुचतंय. एक दिवस सुट्टी टाक, मधल्या वारी गावाला जा, काका नसताना, ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बस. आणि हळद लावशील का असं विचारूच नकोस. तिला विचार भीती कसली वाटते.

ती म्हणालीच आहे तुला, "उद्या काय झालं तर". या चार शब्दांत सगळं आहे. तिला स्वतःला आपण पांढऱ्या पायाची वाटतो असं नाही (कदाचित थोडं वाटतही असेल, दोन वर्षं लोकांनी तसं वागवल्यावर कुणालाही वाटेल), तिला भीती आहे ती नंतरच्या हिशोबाची. पुढच्या पाच वर्षांत तुझ्या घरात काहीतरी होणारच, सगळ्यांच्या होतं, गाडी घसरेल, नोकरी जाईल, दिवस राहायला उशीर होईल, आणि त्या दिवशी कुणीतरी म्हणेल, हळद लावली होती ना आईनं. ते वाक्य तिच्यावर येणार, तुझ्यावर नाही. तू तिला फक्त हळदीची वाटी देतोयस आणि त्यामागचा सगळा धोका तिच्या पदरात टाकतोयस. म्हणून ती नको म्हणते, आणि मी तिच्या जागी असते तर मीही नकोच म्हटलं असतं.

हे ओझं तुला उचलायचंय, आणि ते फक्त एकाच मार्गानं उचलता येतं, आधी आणि सगळ्यांसमोर बोलून. काका, काकी, मामा, आत्या सगळे असताना म्हण की आईनं मला हळद लावायची हे मी ठरवलंय, तिनं नाही, ती नकोच म्हणतेय, मी तिच्या मागे लागलोय, आणि उद्या चांगलंवाईट काही झालं तर बोल मला लावायचा. बस्स. भांडण कर असं मी म्हणत नाहीये, एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. काका चिडतील, उठून जातील, चहा होईपर्यंत परत येतील, थोरले काका लग्न सोडून जात नाहीत, त्यांना फेटा बांधायचा असतो.

त्याच्या आधी काकीशी बोल. तुझ्या पत्रात काकीचं मत काय हे एका शब्दानं नाही, देवक-पुण्याहवाचन ती करणार एवढंच आहे, आणि हळदीच्या पाच सवाष्णींत ती असणारच. कुणी विचारलंय तिला? माझा अनुभव असा की निम्म्या वेळा घरातली ही काकी मनातून ओशाळलेली असते, दहा वर्षं एका चुलीवर काढलेली जाऊ आत बसलीय आणि आपण तिच्या मुलाला हळद लावतोय हे तिलाही गोड लागत नाही. काकी नुसती म्हणाली ना, "या ओ वहिनी, तुम्ही आधी लावा", तर तिथे सगळं संपतं, बाकी चार सवाष्णी काही बोलणार नाहीत. आपस्तंबानं बायकांना विचारा म्हटलंय ते यासाठीच म्हणून समज. आणि काकी नाही म्हणाली, कडक निघाली, तर निदान कळेल तरी कोण कुठे उभं आहे. आत्याला पण त्याच बोलण्यात घ्यायचं, तिला वेगळं नंतर बघू असं करायचं नाही.

होणाऱ्या बायकोला माझा नमस्कार सांग आणि तिला म्हणावं तुझं मन चांगलं आहे पण ती अट मागे घे. आईंनी लावली नाही तर मी लावून घेणार नाही, याचा अर्थ गावात असा होतो की त्या बाईमुळे नव्या नवरीची हळद राहिली. बिचारी अजून बाहेर आली नाही तोवर अजून एक खापर. तिला काही करायचंच असेल तर तिनं आपल्या आईला सांगावं की विहीणबाईंना ओटी, मानाची साडी, पाय धुणं सगळं व्हायला पाहिजे, आणि साडी फिकी आणायची नाही. आमच्याकडे एका लग्नात मुलाकडच्या सगळ्यांना पैठण्या आणि विधवा आईला बदामी रंगाची सुती साडी, आणणाऱ्यांना वाटलं आपण समजूतदारपणा दाखवला.

एवढं सगळं करूनही आई नाहीच म्हणाली तर? म्हणू शकते. चाळीस वर्षं जे खरं मानलं ते एका दुपारच्या गप्पांत जात नाही, आणि तिच्या कपाळावर तिचाच हक्क आहे, कुंकू पुसायला लावणारे जसे कोणी नव्हेत तसे जबरदस्तीनं लावणारे आपणही कोणी नव्हेत. मग हळद सोड. तिला जे जमेल ते घे. अक्षता टाकायला लावायच्या, त्या काय शेवटच्या रांगेतला माणूसही टाकतो. सूनमुख बघायचा मान मुलाच्या आईचाच असतो, तो काकीकडे जाऊ द्यायचा नाही. बसायला पहिली रांग, मधली खुर्ची, शेजारी आत्या, आणि एक भाऊबंद त्यांच्याकडे लक्ष ठेवायला, कारण या दोघी पहिली संधी मिळताच जेवणाचं बघून येतो म्हणून उठणार. फोटोग्राफरला आधी सांगून ठेव. हे शेवटचं मी हसण्यावारी म्हणत नाहीये.

आणि ते प्रूफ. २०२३ मध्ये सरकारी पातळीवरच असा प्रस्ताव पुढे आला होता की विधवा शब्द नको, गंगा भागीरथी म्हणा, त्यावर एवढी टीका झाली की ती नुसती चर्चा होती असं सांगायची वेळ आली. 'ग. भा.' म्हणजे तेच. ऐकायला पवित्र, पण पत्रिका हातात घेणाऱ्याला पहिल्यांदा काय कळतं तर या बाईचा नवरा नाही. काकांच्या नावामागे ते काय आहेत हे कुठे छापलंय? निमंत्रकात पहिलं नाव आईचं घाल, मागे काही न लावता, नुसतं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याखाली काका-काकी, मग आत्या. प्रेसवाले एकदा छापायला घेतलं की बदल करून देत नाहीत, तेव्हा हे वाचून झाल्यावर आधी त्यांना फोन लाव, मग गावाला जायचं तिकीट काढ.